रीळ गेल्याचे दुःख नाही

रिळाचा कॅमेरा परत आला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याच महाविद्यालयाच्या आवारात तो मी चार-पाच मुलामुलींच्या गळ्यात पाहिला. कुणाला तो मामाच्या माळ्यावर सापडला, कुणी जुन्या बाजारातून घासाघीस करून आणला. रोल कुठे मिळतो, धुऊन कोण देतो, अशी चौकशी करीत ही मंडळी माझ्याकडे येतात. मी येथे इतिहास शिकवीत असताना एका खांद्याला पुस्तकांची पिशवी आणि दुसऱ्या खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी असे, हे त्यांच्या आईवडिलांनी त्यांना सांगितलेले असते. ज्यांना असा कॅमेरा मिळत नाही ते मोबाईलमध्येच एक सोय करून घेतात. तिच्यामुळे आज सकाळी काढलेला फोटो चाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोसारखा पिवळट व दाणेदार दिसतो आणि कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीखही उमटते. ज्या दोषांनी आम्ही हैराण झालो होतो, ते ही मुले आता मुद्दाम मागून घेतात. गंमत आहे!

त्यांच्या हौसेला माझा विरोध नाही. हौसेला मोल नसते. पण या हौसेबरोबर थोडे तत्त्वज्ञानही येते, आणि त्याविषयी मला बोलायचे आहे. “सर, रिळात खरेपणा असतो. तुमच्या काळी माणसे विचार करून फोटो काढायची. आता नुसता पाऊस पडतो,” असे ते तत्त्वज्ञान. माझ्या वयाची माणसे हे ऐकून माना डोलावतात. मी डोलावीत नाही. बारा फोटोंच्या रोलपासून हजारो फोटोंच्या मोबाईलपर्यंतचा सगळा रस्ता मी हौशी माणूस म्हणून पायी चाललो आहे. छायाचित्रणातून मी कधी पैसा मिळवला नाही, घालवला मात्र पुष्कळ. या सगळ्या उठाठेवीतून माझे मत असे झाले आहे की, रीळ गेले ते फार चांगले झाले. जे जायला नको होते ते निराळेच काही होते, आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही.

प्रथम त्या ‘विचार करून’ काढण्याचे पाहू. १९७६ साली मी एफ. वाय. ला आलो तेव्हा आमच्या घरी ॲग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्या काळी मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर बहुधा हाच असे. बडोद्याला बनत असे. साधा, हलका, आणि जवळजवळ काहीच न येणारा. ऊन आहे की ढग आहे एवढेच त्याला सांगायचे, बाकीचे देवाच्या हवाली. शटरचा वेग ठरलेला, तो बदलता येत नसे. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो. रोल बहुधा ऑर्वोचा, म्हणजे पूर्व जर्मनीचा. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध असताना पूर्व जर्मनीशी आपला व्यवहार रुपयांत चाले, म्हणून हा माल आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचे. मौज अशी की, वोल्फेन गावचा तो कारखाना मुळात ॲग्फाचाच. महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली, कारखाना पूर्वेकडे राहिला, आणि १९६४ साली त्याने ‘ओरिजिनल वोल्फेन’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन ऑर्वो हे नवे नाव धारण केले. दुभंगलेल्या देशाचे दोन तुकडे आमच्या दिवाणखान्यात एका डबीत नांदत होते! याखेरीज उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ रोल मिळे. १९६० साली स्थापन झालेला तो कारखाना आता बंद पडला आहे.

तर हे बारा फोटो. तेवढ्या पैशांत घरात दुसरे काय काय आले असते याचा हिशेब आई न बोलता करीत असे आणि तो तिच्या चेहऱ्यावर दिसे. त्यामुळे एक रोल सहा-सहा महिने कॅमेऱ्यात मुक्काम करी. गणपती, दिवाळी, संक्रांत असे तीन सण एका रोलवर निघत आणि शिमग्याला तो धुवायला जाई. माणसे विचार करीत असत, यात शंका नाही. पण तो विचार प्रकाशाचा किंवा रचनेचा नव्हता. तो विचार असा असे: हा माणूस एका फोटोच्या लायकीचा आहे काय?

हे वाक्य कठोर वाटेल. आमचा अल्बम उघडून पाहा, म्हणजे पटेल. वडील आहेत, वडिलांचे साहेब आहेत, थोरले काका फेटा बांधून आहेत, मुंबईचे पाहुणे आहेत. बेंदराच्या दिवशीचा बैलजोडीचा सुरेख फोटो आहे. शिंगे रंगवलेली, झुली घातलेल्या. बैल धरणाऱ्या गड्याचा मात्र कोपरापर्यंत हात तेवढा आला आहे. त्या गड्याने आमच्या घरी वीस वर्षे काढली. माझ्या आजीचा फोटो एकच. काकांच्या लग्नातला, वडिलांनी काढलेला. त्यात ती अगदी कडेला उभी आहे, पदर पुढे ओढलेला, कडेवर कुणाचे तरी मूल. ते मूल हलल्यामुळे तिचा निम्मा चेहरा झाकला गेला आहे. वडिलांचे आपल्या आईवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण बारा फोटोंचा हिशेब करताना आजी घरातच आहे, पुढच्या वेळी काढू, असे होत गेले. रिळाची ही शिस्त. तिचे गोडवे ज्यांचे फोटो निघाले त्यांच्या नातवंडांनी गावेत हे स्वाभाविक आहे. ज्यांचे निघाले नाहीत त्यांना अल्बमच नाही, मग आठवणीने गहिवरायचे कशाने?

दुसरी गोष्ट डार्करूमची. तिच्याविषयी हल्ली इतके हळवे लिहिले जाते की, त्या लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी हायपोत बोटे बुडवली असतील याचा मला संशय येतो. मी ती विद्या आमच्या गावातल्या एका स्टुडिओत उमेदवारी करून शिकलो. केमिस्टकडून मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स तोलून आणायचे आणि डी-७६ हे डेव्हलपर घरी बनवायचे. फिल्मला सगळे रंग दिसतात, म्हणून ती टाकीत भरताना किट्ट काळोख लागतो. आम्ही दोन गोधड्या डोक्यावरून घेऊन भरत असू. उन्हाळ्यात तो प्रकार काय होई ते विचारू नका. छपाईच्या कागदाला तांबडा उजेड दिसत नाही, म्हणून त्या वेळी लाल दिवा चालतो. पांढऱ्या कागदावर ट्रेमध्ये हळूहळू चेहरा उमटतो, तो क्षण खरोखरच विलक्षण असतो. तेवढे मी कबूल करतो. पण त्यानंतरची गोष्ट कुणी सांगत नाही. हायपोतून काढलेली कॉपी वाहत्या पाण्यात चांगली अर्धा तास धुवावी लागते. हायपोचा अंश कागदात राहिला तर काही वर्षांत कॉपी पिवळी पडते, पुढे चेहरा विटतो. आणि आमचा तालुका दुष्काळी. १९७२ चा दुष्काळ संपला तरी उन्हाळ्यातली टँकरची वाट पाहणे संपले नव्हते. ज्या गावात बायका दोन मैलांवरून हंडा आणीत, तेथे लग्नाच्या शंभर कॉपी वाहत्या पाण्यात कोण धुणार? बादलीत दोनदा बुचकळून काम भागवले जाई. आज त्या पिवळ्या रंगाला मुले ‘जुन्या काळची ऊब’ म्हणतात. ती ऊब वगैरे काही नाही. ते न मिळालेले पाणी आहे.

आणि खरेपणा! रीळ खोटे बोलत नाही, हे वाक्य ज्याने ‘टचिंग’ पाहिलेले नाही त्यानेच उच्चारावे. आमच्या स्टुडिओवाल्या काकांच्या टेबलावर एक उतरती काच असे, तिच्याखाली दिवा. काचेवर निगेटिव्ह ठेवून ते टोकदार पेन्सिलीने त्यावर बारीक बारीक ठिपके देत. निगेटिव्हवर जेथे काळे तेथे कागदावर गोरे. देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि मुख्य म्हणजे मुलीचा सावळा रंग, हे सगळे त्या पेन्सिलीने नाहीसे होई. ‘दाखवायचा’ फोटो म्हणजे टच केलेला फोटो, हे ठरलेलेच होते. स्थळ पाहायला आलेल्या मंडळींनी फोटो आणि मुलगी यांच्याकडे आळीपाळीने पाहिल्याचे प्रसंग त्या घरांनी सोसले आहेत. विधवा बाईचा आजचा फोटो आणि वारलेल्या यजमानांचा तिशीतला फोटो एका चौकटीत शेजारी बसवून देण्याचे कामही काका फार सफाईने करीत. रंगीत रीळ आले तेव्हा तर पक्षपात रिळातच भरलेला होता. परदेशी कारखान्यांत रंगांचा मेळ जुळवण्यासाठी ज्या नमुन्याच्या तसबिरी वापरत, त्यांत वर्षानुवर्षे गोऱ्या बायका होत्या. त्या मापाने आमच्या काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे कधी तांबूस, कधी नुसते काळोखे येत. आजचा मोबाईल न विचारता कातडी गुळगुळीत करतो, त्याचा मला राग आहेच. परंतु तो काकांच्या पेन्सिलीचा नातू आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

बदल कसा झाला हे थोडक्यात सांगतो. प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी चकती १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ या दोघांनी योजली. २००९ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रात उभे शंभर आणि आडवे शंभर ठिपके, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद. ज्या कंपनीत हे मूल जन्मले तीच कंपनी रीळ विकून जगत होती, आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीपासून संरक्षण मागावे लागले. पुराणातली गोष्ट शोभावी असे हे आहे. आपल्याकडे रघु राय यांच्यासारख्या रिळावर हयात गेलेल्या छायाचित्रकाराने २००३ साली डिजिटल कॅमेरा हाती घेतला तो घेतलाच. ज्यांचे हात रिळावर बसलेले होते अशा थोरांना जे जड गेले नाही, त्याच्यासाठी हौशी माणसांनी गळा काढावा याचे मला नवल वाटते.

मी स्वतः डिजिटलवर आलो २००७ साली, पुण्याच्या भाच्याने वापरून टाकलेला निकॉन डी-७० घेऊन. तो कॅमेरा २००४ सालचा, एकसष्ट लाख ठिपक्यांचा. आजच्या मुलांना हा आकडा ऐकून हसू येते. मला त्याने एक नवी दृष्टी दिली असे म्हटले तर ते भारी होईल. त्याने मला काटकसरीतून सोडवले, एवढे म्हणतो.

याचे उदाहरण पालखीचे देतो. ज्ञानोबारायांची पालखी आमच्या भागातून जाते. लोणंदहून तरडगावला जाताना वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, तेथे वारीतले पहिले उभे रिंगण होते. दोन बाजूंना दिंड्या उभ्या राहतात आणि मधल्या वाटेने माऊलींचा अश्व दौडत जातो. तो गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. १९७९ पासून मी त्या लिंबाशी जात आलो. क्लिक थ्रीने घोडा म्हणजे नुसता पांढरा फराटा येई. पुढे चांगला कॅमेरा आला तेव्हा घोडा स्पष्ट आला. पंचवीस-तीस वर्षे माझ्याजवळ काय जमले? घोडा, पालखी, टाळकरी, आणि सुरकुत्या पडलेल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याचा चेहरा. प्रत्येक हौशी छायाचित्रकाराजवळ असा एक म्हातारा असतो. मला तर कधी कधी वाटते की तो एकच म्हातारा असून सगळ्यांना आळीपाळीने भेटतो. छत्तीस फोटो असले की, माणूस अगोदर ठरलेल्या गोष्टी काढून घेतो. उरले तर बाकीचे, आणि उरत नाहीत.

२००८ च्या वारीत घोडा गेल्यावर मला परतायची घाई नव्हती आणि फोटो मोजायचे नव्हते. मी दिंडीच्या ट्रकांमागे गेलो. तेथे दगडांच्या चुली मांडून बायका भाकरी थापत होत्या. किती भाकरी, कुणी मोजाव्यात? एक बाई पीठ मळता मळता उभ्याने डुलकी घेत होती. एकीने ओल्या लुगड्याचे टोक माझ्या समोर सुकायला धरले आणि, “आमचा कशाला काढताय मास्तर? माऊली तिकडं हाय,” असे म्हणून हसली. तेथे मी दीडशे फोटो काढले. त्यांतले दीडशेच्या दीडशे काही चांगले नव्हते. दहा चांगले होते. पण ते दहा रिळाच्या काळात निघालेच नसते, कारण पहिला निघाला नसता. त्यांतला एक कॅमेऱ्याच्या पाठीवरच त्या बाईंना दाखवला. तिने शेजारणीला बोलावले, शेजारणीने सगळ्यांना. आपला फोटो आपण त्याच क्षणी पाहणे ही त्यांना मिळालेली वस्तू होती. याच्या आधी तिशीभर वर्षे मी लोकांचे फोटो घेऊन जात होतो आणि देत फारच थोड्यांना होतो. टपालखर्चासह एक कॉपी परवडत नसे.

तेव्हा रिळाचे माहात्म्य एवढे पुरे.

आता मूळ मुद्दा. मला जे गेल्याचे दुःख होते ते कागदाचे, आणि कागदापेक्षाही कागदाच्या पाठीचे. जुना फोटो उलटा करून पाहा. निळ्या शाईने काहीतरी लिहिलेले असते: ‘चि. सौ. कां. …, फलटण, मार्गशीर्ष, शके अमुक.’ ‘आत्या, तिची जाऊ, व मधला बंड्या.’ शुद्धलेखन कसेही असो, आम्हा इतिहासाच्या माणसांना या दोन ओळी समोरच्या चित्राइतक्याच मोलाच्या. नाव नसलेला चेहरा इतिहासाला फारसा उपयोगी पडत नाही. तो नुसता पोशाखाचा नमुना होतो. फोटो महाग होता म्हणून लोक त्याची अशी निगा राखीत, हे खरे आहे. रिळाच्या बाजूने बोलण्यासारखी हीच एक गोष्ट मला आढळते, आणि रिळाचे भक्त नेमकी हीच सोडून बाकी सगळे बोलतात.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीत आणि आजूबाजूला माणसे गेली. मागे राहिलेल्यांपैकी चार घरची माणसे माझ्याकडे आली. प्रत्येकाची मागणी एकच: भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो करून द्या. चारही घरी मोबाईल होते आणि मोबाईलमध्ये फोटोंचा ढीग होता. पहिल्या घरच्या मुलाने वडिलांचा म्हणून जो फोटो आणला तो व्हॉट्सॲपवरच्या गोल चित्रातून उचललेला, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. भिंतीच्या मापाचा करायला घेतला की चेहऱ्याच्या जागी चौकोन दिसू लागत. मूळ फोटो कुठे आहे? तो एका लग्नात कुणीतरी काढला होता. कुणी ते ठाऊक नाही. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि त्यात दडलेली तारीख, वेळ, जागा हे सगळे पुसले जाते. असा तो पाच-सहा हातांतून फिरून आलेला. शेवटी त्यांच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून देऊ का, असे मला त्या मुलाला विचारावे लागले. तो बराच वेळ गप्प बसला. आधार कार्डावरचा आपला फोटो कसा असतो हे सर्वांना माहीत आहे.

दुसऱ्या घरी फोटो भरपूर होते, चांगले होते, आणि ते सगळे गेलेल्या बाईंच्या मोबाईलमध्ये होते. मोबाईल अंगठ्याने उघडत असे. आकड्यांचे कुलूप यजमानांना ठाऊक नव्हते. दुकानदाराने सांगितले की मोबाईल चालू करून देतो, पण आतले सगळे पुसले जाईल. तो मोबाईल त्यांच्या कपाटात अजून तसाच आहे.

हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण लिहिलेच पाहिजे. कारण त्याच वर्षी त्याच गल्लीत एका म्हाताऱ्या गृहस्थांचा बाराव्याला लावलेला फोटो १९६८ सालचा होता, कृष्णधवल, किंचित पिवळा, आणि मागे तारीख व स्टुडिओचा शिक्का. ज्याच्याजवळ एकच फोटो होता त्याचा तो पन्नास वर्षे टिकला. ज्यांच्याजवळ चार हजार होते त्यांच्या घरी ऐन वेळी एक मिळेना.

कुणी म्हणेल, सर, आता सगळे वर ‘क्लाऊड’मध्ये जपले जाते. जपले जात असेल. पण त्या ढगाचे कुलूप कुणाजवळ आहे? भाडे कोण भरते, आणि भरणारा गेल्यावर कोण भरणार? मोडी कागद वाचताना आम्हाला एक गोष्ट शिकवलेली असते: जो दप्तरखाना एका माणसाच्या ध्यानात असतो तो त्या माणसाबरोबर जातो. कागद अमर असतो, असेही माझे म्हणणे नाही. चिकट पानांच्या अल्बमांनी १९८० नंतरच्या किती लग्नांची माती केली ते मी पाहिले आहे. रंगीत कॉपीतला निळसर रंग सर्वांत आधी उडतो, म्हणून त्या काळची सगळी वऱ्हाडी मंडळी आता तांबडीलाल दिसतात. पण तांबडी का होईना, दिसतात. आणि पाठीवरचे नाव अजून वाचता येते.

यावर माझा उपाय अगदी साधा, थोडा बुरसटलेला म्हणा हवे तर. मोबाईलने वर्षभर हवे तेवढे फोटो काढावेत, कंजूषपणा करू नये. बारा फोटोंच्या काळात ज्यांना वगळले त्यांचे तर जरूर काढावेत. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस बसून त्यांतले पन्नास निवडावेत. निवडणे हेच हौशी माणसाचे खरे काम, आणि ते आता कॅमेऱ्याआधी न होता कॅमेऱ्यानंतर होते, एवढाच फरक. ते पन्नास चांगल्या कागदावर छापून घ्यावेत. त्याला आज एका जेवणाइतका खर्च येतो. पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. बॉलपेनने लिहू नये, वळ पुढे उमटतो.

माझ्या या सूचनेवर आपल्या ग्रंथपालांचे आणि माझे गेले वर्षभर गोड भांडण चालू आहे. माझे म्हणणे, महाविद्यालयाने दर वर्षी आपले शंभर फोटो असे छापून, नावे लिहून ग्रंथालयात ठेवावेत. स्नेहसंमेलनाचे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे, खेळांचे हजारो फोटो आज कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये आहेत. तीन वर्षांनी ती मुले पदवी घेऊन जातात आणि फोटोही जातात. ग्रंथपाल म्हणतात, कपाट नाही, माणूस नाही, आणि नावे लिहिणार कोण? तिसरा प्रश्न खरा आहे. बाकी दोहोंची सोय होऊ शकते.

पण नावे लिहिण्याची परंपरा याच वार्षिकाच्या पानांवर होती! जुने अंक काढून पाहा. मधल्या गुळगुळीत कागदावर गटागटांचे फोटो आणि खाली बारीक अक्षरांत ‘बसलेले (डावीकडून)’, ‘उभे (डावीकडून)’ अशी सगळ्यांची नावे. विद्यार्थी असताना आम्ही त्या ओळींना हसत असू, की एवढे कोण वाचतो. मागच्या वर्षी ग्रंथालयात बसून मी त्या ओळी सबंध वाचल्या. परंपरेलाही एक भोक होते ते तेव्हा दिसले. प्राध्यापकवर्गाच्या फोटोखाली प्रत्येकाचे नाव, पदवीसह. विद्यार्थी-प्रतिनिधींचे प्रत्येकाचे. १९८१-८२ च्या अंकात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा फोटो आहे. त्याच्याखाली कार्यालयातील सात जणांची नावे आहेत आणि पुढे छापले आहे, ‘व इतर’.

हे इतर पाच जण आहेत. मागच्या रांगेत, खाकी कपड्यांत, सगळे ताठ उभे. जुन्या पगारपत्रकांवरून आणि निवृत्त शिपायांना विचारून त्यांतल्या तिघांची नावे आम्हांला लागली. ती ग्रंथपालांनी अंकाच्या त्या पानाजवळ चिठ्ठीवर लिहून ठेवली आहेत. डावीकडून दुसरे आणि शेवटचे, या दोघांचा पत्ता लागत नाही. दुसऱ्यांच्या गळ्यात शिट्टी आहे, बहुधा ते रात्रीचे पहारेकरी असावेत. शेवटच्यांच्या हातात तास वाजवायचा लाकडी टोल आहे, म्हणजे त्या काळच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यांना रोज पाहिलेले असणार. अंक ग्रंथालयात, दाराजवळच्या काचेच्या कपाटात आहे. वाचकांपैकी कुणी त्या वर्षांत येथे शिकले असेल, किंवा कुणाचे वडील, काका, आत्या शिकले असतील, तर त्यांना घेऊन यावे आणि पान पाहावे. पेन्सिल कपाटातच ठेवली आहे.